कांदिवली

मुंबई उपनगर जिल्ह्यातील, पोईसर नदीकाठचे उपनगर. येथील टेकडीपरिसरात के. आर. यू. टॉड यांना अश्मयुगीन हत्यारे सापडली. पूर्वेला आकुर्ली रस्त्यावरील महिंद्रच्या कारखान्याने गावाला कामगारवस्तीची ओळख दिली.

नवागताने आधी चारकोप पाहावे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने आखलेल्या या वसाहतीत सेक्टरनिहाय लहान भूखंड देण्यात आले. रहिवाशांनी सहकारी संस्था स्थापून घरे बांधली. सामान्य कुटुंबांना हक्काचे घर देणारी अशी योजना मुंबईत विरळाच.

पश्चिमेला महापालिकेचे शताब्दी रुग्णालय आणि सरदार वल्लभभाई पटेल जलतरण तलाव आहेत, तर पूर्वेला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र. नाटकासाठी शेजारच्या बोरिवलीतील प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह गाठावे.

एप्रिल २०२२पासून दोन्ही बाजूंना मेट्रो धावते : पूर्वेला आकुर्ली, पश्चिमेला डहाणूकरवाडी ही जवळची स्थानके.