एक जूनला जन्मलेली माणसं

दर वर्षी एक जूनला आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळपासून केकचे फोटो पडायला लागतात. वडिलांचा वाढदिवस, मोठ्या काकांचा वाढदिवस, गावाकडच्या दोन मामांचाही वाढदिवस. तुमच्याकडेही हे होत असेल, निदान आजोबांच्या पिढीत. कारण सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये शाळा उघडायची, पोराला हाताला धरून नेलं की गुरुजी जनरल रजिस्टर उघडायचे आणि त्यात जन्मतारखेचा रकाना असायचा. आमची आजी सांगायची, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला.’ रकान्यात पोळा बसत नव्हता. दिवस, महिना, साल हवं होतं. गुरुजी पोराकडे बघून सहा वर्षं मागे जायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे.

कॉम्प्युटर गावात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण डेटाबेसवाले आज ज्याला ‘रिक्वायर्ड फील्ड’ आणि ‘फॉरमॅट’ म्हणतात, ते दोन्ही त्या रकान्यात होतं: रिकामा सोडायचा नाही आणि ठरल्या साच्यातच लिहायचं. साचा मोडला तर लाल अक्षरं उमटत नसत, तपासणीला आलेले साहेब ओरडत, एवढाच फरक.

ही सक्ती यंत्राच्या हातात गेली ती अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत. हर्मन होलेरिथच्या कार्डावर प्रत्येक उत्तराची जागा आधीच ठरलेली होती. तिथे भोक पाडलं की उत्तर नोंदलं गेलं. ज्या उत्तराला जागा नाही, त्याला भोकही नाही. १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड आणलं, एका रकान्यात एक अक्षर. चुका पकडायची पद्धत मोठी कष्टाची होती. एकीने कार्ड पंच केलं, की दुसरी तोच कागद समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप करायची, आणि दोघींमध्ये फरक पडला की यंत्र अडायचं. मूळ कागदावरच एक जून असेल, तर दोघी एक जूनच टाइप करणार. यंत्राला त्यात काही वावगं दिसणार नाही.

८० च जागा म्हटल्यावर काटकसर आली. सालाचे पहिले दोन अंक गाळले जाऊ लागले. कोबोल भाषेत ‘पिक ९९’ लिहिलं की दोनच अंक बसत. त्या दोन अंकांची किंमत १९९९ मध्ये जगाने मोजली. आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना मात्र त्या दुरुस्तीने भरपूर काम दिलं.

दरम्यान एक सुंदर गोष्ट घडली होती. आकड्यालाच स्वतःची चूक ओळखायला शिकवायचं, ही कल्पना. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये त्यासाठी पेटंटचा अर्ज केला. शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून हिशोबाने काढायचा. मध्ये एक अंक चुकला तर हिशोब जुळत नाही. क्रेडिट कार्डांवर आजही हीच रीत आहे. तिच्यात एक फट होती: शेजारशेजारच्या ०९ चे ९० झाले तर तिला कळत नाही. डच गणिती याकोबुस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये पंचकोनाच्या सममितीचं गणित वापरून तीही बुजवली. तुमच्या आधारचा बारावा अंक व्हेरहूफच्याच रीतीने येतो. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, तेव्हा त्या आदिवासी गावात हा पंचकोनही पोचला म्हणायचा.

पण जन्मतारखेला असा तपासअंक नाही, असूही शकत नाही. फॉर्म एवढंच बघतो, की तेरावा महिना नाही ना, फेब्रुवारीला तीस तारीख नाही ना. आधारच्या नोंदणीत निदान प्रामाणिक सोय होती: तारीख कागदपत्राने सिद्ध केलेली, स्वतः सांगितलेली की अंदाजाची, हे वेगळं नोंदवता यायचं. म्हणून काही जुन्या कार्डांवर नुसतं जन्मवर्ष आहे. डेटाबेसच्या तारखेच्या रकान्याला मात्र सहसा पूर्ण तारीखच लागते. ‘माहीत नाही’ म्हणून तो मोकळा सोडता येतो, पण टेबल करणाऱ्याने ‘नॉट नल’ लिहिलं की तीही वाट बंद.

आमच्या घरी याची किंमत तीन पगार. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मेला कार्यालयांमध्ये निरोपांची रांग लागते. त्या रांगेत वडीलही होते. आजीचा पोळा धरला असता, तर ऑगस्टअखेरपर्यंत राहिले असते.

परवा आत्याचा एक ऑनलाइन फॉर्म भरत होतो. तिच्या कार्डावर फक्त साल. मी नुसतं साल टाकलं, फॉर्म पुढे जाईना. कॅलेंडर उघडून बसला. मी विचारलं, ‘आत्या, तारीख कुठली टाकू?’

‘तुझ्या बाबाची आहे ना एक जून,’ ती म्हणाली, ‘तीच टाक.’

टाकली. फॉर्म पुढे गेला.