गळती कोणाची, बिल कोणाचं?

1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आशियातली पहिली म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. 1906 मध्ये शामराव विठ्ठल यांच्या नावाने पतसंस्था काढून त्यांनी सहकाराचा अनुभव घेतलाच होता. घरांसाठी त्यांनी धाडसी रचना निवडली: इमारत संस्थेची, आणि तिच्यात राहणारे एकाच वेळी संस्थेचे भागधारक नि तिचे भाडेकरू.

एरवी शहरात हिशोब सरळ होता. चाळ मालकाची, कौलं फुटली तर बोल मालकाला. सहकारी इमारतीत हा मालकच नाहीसा झाला आणि दुरुस्तीचं भांडण सर्वसाधारण सभेत आलं.

बाकीच्या मुंबईत ते अधिक चिघळलं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, तेव्हा मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या, तसा 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि उपकर बसला. उपकरप्राप्त इमारत हा शब्द तिथून मुंबईकरांच्या तोंडी बसला.

महाराष्ट्राचा स्वतःचा सहकारी संस्था कायदा 1960 चा. 1963 मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचाही कायदा आला. सोसायट्या वाढल्या तसं बिलाचं उत्तर शोधायची जागा ठरली ती उपविधी. आदर्श उपविधींनी वाटणी केली आहे: गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप, पावसाच्या पाण्याची गळती हा खर्च संस्थेचा, संडास-बाथरूम, सिंक यांतून होणारी आतली गळती संबंधित सदनिकाधारकांची.

कागदावरची ही रेघ स्लॅबमध्ये मात्र दिसत नाही. वरच्याची फरशी तीच खालच्याचं छत. पाणी लोखंडी सळ्यांच्या किंवा विजेच्या नळ्यांच्या वाटेने सरकतं आणि भलत्याच खोलीत पोपडे धरतं. वरचा म्हणतो बाहेरच्या भिंतीतून येतंय, कमिटी म्हणते तुमच्या बाथरूममधून. प्लंबर वर रंगीत पाणी सोडून पाहतो. तेवढी साधी चाचणी न करता पाठवलेल्या बिलावर हरकत घेणं हा सभासदाचा हक्कच आहे, आणि तो त्याने बजावायला हवा.

दुसरा वाद वाटपाचा. मोठ्या घराने जास्त द्यायचं का? व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने देखभालीचा खर्च क्षेत्रफळावर न वाटता सर्वांना समान ठेवला. दुरुस्ती निधीचं गणित मात्र वेगळं: उपविधींप्रमाणे तो प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के, म्हणजे मोठ्या घराचा वाटा मोठा. सभेत अनेकदा या दोन नियमांची सरमिसळ होते आणि दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा नियम पुढे करतात.

त्यामुळे वाढीव बिल हाती आलं की पहिली मागणी ठरावाची. सर्वसाधारण सभेने खर्चाला मंजुरी कधी दिली, कोटेशन किती जणांकडून आली, कंत्राट कोणाला दिलं? सभेचं इतिवृत्त पाहण्याचा अधिकार कायद्याने सभासदाला दिला आहे. उत्तर मिळत नसेल तर उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयाचं दार आहे.

रागाने पैसे थांबवणं सभासदाला महागात पडतं. थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत सरळ व्याजाची मुभा आदर्श उपविधींनी ठेवली, आणि वसुली दाखला मिळाला की संस्था रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकते. म्हणून जाणते सभासद बिल भरताना सोबत लेखी हरकत देतात, तिच्या प्रतीवर सेक्रेटरीची पोच घेतात आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घ्यायला लावतात.