आफ्रिकन व्हायोलेट

आफ्रिकन व्हायोलेट : (लॅ. सेंटपॉलिया आयोनँथा; नव्या वर्गीकरणात स्ट्रेप्टोकार्पस आयोनँथस; कुल : जेस्नेरिएसी). लवदार पाने व वर्षातून अनेकदा येणारा बहर यांसाठी घरात कुंडीत लावतात ती लहान, बहुवर्षायू ओषधी. खऱ्या व्हायोलेटचे कुल (व्हायोलेसी) वेगळे. सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या कातळांच्या कपारींत उगवणारे ऱ्हिंकोग्लॉसम मात्र हिच्याच कुलातले आहे.

खोड अगदी आखूड. पाने मांसल, लांब देठाची, खोडाभोवती चक्राकार पसरलेली. पाकळ्या पाच, वरच्या दोन लहान व खालच्या तीन मोठ्या. परागकोश दोन, पिवळेधमक. किंजल काही फुलांत डावीकडे, तर काहींत उजवीकडे झुकलेला असतो. हे भिंगाशिवायही दिसते, पण सहसा कोणी पाहत नाही.

मूलस्थान पूर्व आफ्रिका, मुख्यतः टांझानियातील उसांबारा डोंगररांगा. तेथे ती दाट सावलीतील शेवाळलेल्या खडकांवर वाढते. जॉन कर्क यांनी १८८४ मध्ये क्यू येथील उद्यानाकडे नमुने पाठविले होते, परंतु ते वर्णनास अपुरे ठरले. पुढे तत्कालीन जर्मन पूर्व आफ्रिकेतील टांगा येथील अधिकारी वाल्टर फोन सेंट पॉल–इलेर (१८६०–१९४०) यांनी ती जर्मनीत वडिलांकडे पाठविली आणि १८९३ मध्ये हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन उद्यानातील हेर्मान व्हेंडलांट यांनी तिचे वर्णन करून प्रजातीला सेंट पॉल यांचे नाव दिले. १९२७ च्या सुमारास लॉस अँजेल्सच्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन या रोपवाटिकेने युरोपातून आणलेल्या बियांच्या रोपांतून दहा वाण निवडले. ‘ब्लू बॉय’ हा त्यांपैकी एक. अमेरिकेतील आफ्रिकन व्हायोलेट सोसायटी १९४६ मध्ये स्थापन झाली. जंगली जाती किती, याबद्दल मतभेद आहेत. लाकूडतोड व शेती यांमुळे त्यांचे अधिवास आक्रसत असून काही जाती गंभीररीत्या संकटग्रस्त आहेत. या रानांचे रक्षण नव्या वाणांपेक्षा कितीतरी अधिक निकडीचे आहे.

लागवड : माती हलकी व भुसभुशीत हवी; कोकोपीट, पर्लाइट व चाळलेले पानखत यांचे मिश्रण चालते. कुंडीचा व्यास रोपाच्या घेराच्या एक तृतीयांश पुरतो. मोठ्या कुंडीत माती ओली राहून मुळे कुजतात. पूर्वेच्या खिडकीतील उजेड उत्तम, दुपारचे ऊन वर्ज्य. उजेड कमी पडला की देठ लांबतात व पाने वर उचलली जातात. फार झाला की मधली पाने फिकट होऊन आखडतात. १८° ते २६° से. तापमान मानवते. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात रोप घरातल्या थंड खोलीत हलवावे लागते.

पाणी हा जोपासनेतील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. ‘पानांवर पाणी पडू देऊ नये’ असे सर्वत्र सांगितले जाते, पण कारण क्वचितच दिले जाते. पानापेक्षा बऱ्याच थंड पाण्याचा थेंब पडला, की तेवढ्या जागेचे तापमान एकाएकी उतरते. वरच्या त्वचेखालील स्तंभाकार कोशिकांतील रिक्तिका फुटतात, त्यांतील आम्लयुक्त रस पसरून हरितद्रव्य नासते आणि तेथे पांढुरके-पिवळट वलय उमटते. हा डाग कायमचा असतो. म्हणून पाणी रात्रभर घरात ठेवून मगच द्यावे. कुंडी बशीत ठेवून बशीत पाणी ओतावे, अर्ध्या तासाने उरलेले काढून टाकावे आणि मातीचा वरचा थर सुकेपर्यंत पुन्हा देऊ नये. मध्यभागी, कोवळ्या पानांच्या बेचक्यात पाणी साचले तर शेंडा कुजतो. लवेत अडकलेली धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. पान पुसू गेल्यास लव मोडते.

अभिवृद्धी पानापासून होते. मधल्या वर्तुळातील निरोगी पान ३–४ सेंमी. देठासह तिरपे कापून ओलसर मिश्रणात खोचतात. साधारण महिन्याभरात मुळे फुटतात आणि दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी मोहरीएवढी, लवदार पिल्ले माती सारून वर येतात. चक्राकार पट्ट्यांच्या फुलांचे वाण मात्र पानापासून जसेच्या तसे उतरत नाहीत, कारण त्यांच्या ऊतींच्या थरांची आनुवंशिक घडण वेगवेगळी असते. ते बगलफुटव्यांपासून वाढवितात.

खत : पातळ द्रवरूप, वाढीच्या काळात.

कीड : पिठ्या ढेकूण व कोळी, कोळ्याने शेंडा करडा पडून आखडल्यास रोप वेगळे ठेवावे.