लॉगची ओळ फोडण्याचा इतिहास

ऑपरेटिंग सिस्टीममध्ये काय घडले, कधी घडले आणि कोणत्या प्रोग्रॅममुळे घडले, याची नोंद ज्या फाइलमध्ये होते तिला लॉग म्हणतात. हा शब्द मूळचा जहाजावरचा. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडत आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या यावरून जहाजाचा वेग काढत. तो तुकडा म्हणजे ‘लॉग’ आणि वेग टिपायची वही म्हणजे लॉगबुक.

युनिक्सवर सुरुवातीला प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या पद्धतीने नोंदी लिहीत असे. 1980च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सिसलॉग तयार केले. पुढे इतर प्रोग्रॅमही आपल्या नोंदी त्याच्याकडे सोपवू लागले. ओळ माणसाने वाचायची, हे तेव्हा गृहीतच होते. हवी ती ओळ शोधायला ग्रेप होते, रकाने वेगळे करायला 1977चे ऑक आणि पुढे 1987 पासून लॅरी वॉल यांची पर्ल भाषा. प्रत्येक कार्यालयातला सिस्टीम सांभाळणारा आपली स्क्रिप्ट स्वतः लिही.

सिसलॉगची रूढ पद्धत 2001 साली आरएफसी 3164 या दस्तऐवजात लिहून ठेवली गेली. त्यातली ओळ कोनी कंसातल्या एका आकड्याने सुरू होते. समजा तो 34 आहे. त्याला 8ने भागले की भागाकार 4 येतो आणि बाकी 2 उरते. 4 म्हणजे नोंद सुरक्षा विभागाची, 2 म्हणजे ती गंभीर. दोन गोष्टी एका आकड्यात बसवण्याची ही युक्ती नेटकी आहे.

त्यापुढची तारीख मात्र त्रासाची. तिच्यात महिना, दिवस आणि वेळ असते; वर्ष नसते, टाइमझोनही नसतो. दिवस एकअंकी असला तर त्याच्याआधी जास्तीची मोकळी जागा येते. त्यामुळे एकेका मोकळ्या जागेवर ओळ तोडणारी स्क्रिप्ट महिन्याचे पहिले नऊ दिवस चुकते. पायथॉन भाषेत वर्ष दिले नाही तर 1900 धरले जाते; ते लीप वर्ष नसल्याने 29 फेब्रुवारीची नोंद नाकारली जाते.

या खाचाखोचा प्रत्येकाने नव्याने सोडवण्यापेक्षा एकदाच सोडवून सर्वांना द्याव्यात, या गरजेतून पार्सिंगच्या, म्हणजे ओळ फोडून तिचे भाग वेगळे करणाऱ्या, लायब्रऱ्या आल्या. जॉर्डन सिसेल यांच्या ग्रोकने किचकट रेग्युलर एक्स्प्रेशनना ‘आयपी पत्ता’, ‘तारीख’ अशी साधी नावे दिली. त्यांच्याच लॉगस्टॅश या लॉग गोळा करणाऱ्या प्रोग्रॅममधून ती पद्धत सर्वत्र पोहोचली. 2009 साली रायनर गेरहार्ड्स यांनी लिहिलेल्या आरएफसी 5424ने तारखेत वर्ष आणि टाइमझोन आणले, शिवाय नावासह मूल्ये देण्यासाठी स्वतंत्र जागा ठेवली.

दुसरा प्रवाह बायनरी लॉगचा. विंडोज एनटीने 1993 पासून नोंदी बायनरी स्वरूपात ठेवल्या. व्हिस्टापासून आलेल्या ईव्हीटीएक्स फाइलमध्ये 64 किलोबाइटचे खंड असतात. वारंवार येणारा मजकूर खंडात साचा म्हणून ठेवला जातो आणि नोंदीत फक्त बदलती मूल्ये राहतात. अशी फाइल ग्रेपला उलगडत नाही. म्हणून अभ्यासकांनी तिची रचना बाइट तपासत शोधून काढली आणि त्यातून लिबईव्हीटीएक्स, पायथॉन-ईव्हीटीएक्स अशा मुक्त लायब्रऱ्या घडल्या. आज गुन्हे-अन्वेषणात त्यांचा मोठा आधार आहे: खंड आपल्यापुरता पूर्ण असल्याने फाइल पुसली गेली तरी उरलेल्या खंडातून नोंदी वाचता येतात. लिनक्सवर सिस्टमडीचे जर्नल आणि 2016 पासून ॲपलची एकत्रित लॉगिंग व्यवस्था यांनीही बायनरी वाटच धरली.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनी कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना 180 दिवसांचे लॉग जपणे आणि संगणकांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवणे बंधनकारक केले. पण नुसते जपलेले लॉग पुरावा ठरत नाहीत. ते अचूक वाचता आले पाहिजेत. लिहिताना गाळलेले वर्ष वाचताना अंदाजाने भरावे लागते, आणि उत्तम लायब्ररीही तो अंदाजच करते. नोंदीची खरी काळजी ती लिहितानाच घ्यावी लागते.