जुन्या संगणकासाठी लिनक्स : वितरण कोणते, डेस्कटॉप कोणता?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. सुरक्षाविषयक दुरुस्त्या आणखी वर्षभर मिळण्याची सोय इच्छुकांसाठी ठेवण्यात आली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे घरात, दवाखान्यात, गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयात व्यवस्थित चालणारी यंत्रे एकाएकी 'जुनी' ठरली. भंगारवाला अशा यंत्राचे मोल किलोवर करतो. दुरुस्त्यांविना ते इंटरनेटला जोडून बँकेचे व्यवहार करणे हा त्याहून महाग सौदा आहे. लिनक्सचा विचार या टप्प्यावर सुरू होतो आणि नवखा माणूस पहिल्याच पायरीवर नावांच्या गर्दीत हरवतो.

वास्तविक 'लिनक्स' हे केवळ गाभ्याचे नाव आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स याने तो १९९१ मध्ये लिहायला घेतला. या गाभ्याभोवती इतर आज्ञावली, त्या बसवण्याची व अद्ययावत ठेवण्याची यंत्रणा अशी मोट बांधली की त्याला वितरण किंवा रूढ भाषेत डिस्ट्रो म्हणतात. डेबियन, उबुंटू, मिंट ही अशी वितरणे होत. पडद्यावर दिसणारा मेनू, खालची पट्टी, फाइलींची खिडकी हा सारा भाग डेस्कटॉपचा. विंडोजमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, लिनक्समध्ये त्या स्वतंत्रपणे निवडता येतात. 'कोणते लिनक्स सर्वांत हलके?' हा प्रश्न त्यामुळेच थोडा फसवा आहे. एकाच मिंटची सिनॅमन आवृत्ती जड आणि एक्सएफसीई आवृत्ती हलकी असू शकते. वेग ठरतो तो प्रामुख्याने डेस्कटॉपवर. वितरण पाहायचे ते पाठिंबा किती वर्षे मिळणार आणि अडचणीत मदत किती सहज मिळणार, यासाठी.

आधी यंत्राची कुंडली

निवडीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : रॅम किती, हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची की एसएसडी, आणि प्रोसेसर ३२-बिट की ६४-बिट. तिसऱ्या बाबीत गफलत फार होते. पूर्वी ६४-बिट प्रोसेसर असलेल्या अनेक यंत्रांवर विंडोज मात्र ३२-बिट घातले जाई. विंडोजच्या 'सिस्टीम टाइप' या नोंदीत प्रणाली व प्रोसेसर यांचा उल्लेख वेगवेगळा असतो. त्यातील प्रोसेसरपुढे 'एक्स-६४' लिहिलेले असेल, तर यंत्र ६४-बिटच समजावे. २००६ नंतरचे इंटेल कोअर टू डुओ प्रोसेसर याच गटातील.

यंत्र खरोखर ३२-बिट असेल तर मार्ग अरुंद होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर व गाभा देणे बंद झाले. आधीच्या डेबियन १२ चा दीर्घ मुदतीचा पाठिंबा जून २०२८ पर्यंत आहे. अँटीएक्ससारखी वितरणे अशा यंत्रांना अजून सामावून घेतात. परंतु खरी अडचण ब्राउझरची आहे. ३२-बिट लिनक्ससाठीचे क्रोम गुगलने २०१६ मध्ये थांबवले आणि मोझिलाने २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या नियमित आवृत्तीबाबत तोच निर्णय घेतला. असे यंत्र टंकलेखन, गाणी, जुनी छायाचित्रे यांसाठी ठेवावे. पैशांचे व्यवहार त्यावर करू नयेत.

हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची असेल तर कोणतेही वितरण घालण्याआधी एसएसडी बसवून घ्यावी. डेस्कटॉप बदलून जो फरक पडतो त्याहून अधिक फरक यामुळे पडतो, असे या प्रतिनिधीचे मत आहे.

हलके म्हणजे किती हलके?

हलक्या डेस्कटॉपमध्ये एक्सएफसीई सर्वांत भरवशाचा. ऑलिव्हिए फूर्दां यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाचे चिन्ह उंदीर आहे. रूप थोडे जुन्या वळणाचे, पण मेनू, खालची पट्टी, खिडक्या सारे ओळखीच्या जागी, त्यामुळे विंडोज ७ ची सवय असलेल्या ज्येष्ठांनाही तो परका वाटत नाही. यंत्र नुसते सुरू असताना आधुनिक वितरणातील एक्सएफसीई साधारणतः पाऊण ते एक जीबी रॅम घेतो. एलएक्सक्यूटी त्याहून किंचित हलका, पण सेटिंग्ज थोड्या विखुरलेल्या. २०११ मध्ये ग्नोम ३ ने रूप पालटल्यावर नाराज झालेल्यांनी जुने ग्नोम २ 'माटे' या नावाने जिवंत ठेवले. दक्षिण अमेरिकेतील एका पेयावरून पडलेल्या या नावाचा उच्चार मराठी कानाला थेट 'माते' अशी हाक वाटतो. हा डेस्कटॉप चांगला आहे, पण एक्सएफसीईपेक्षा काकणभर जडच. आइसडब्ल्यूएम हा पूर्ण डेस्कटॉपही नव्हे, केवळ खिडक्या सांभाळणारी आज्ञावली. त्यावर चालणारे अँटीएक्स पाव जीबीच्या आसपास भागवते, मात्र वापरणाऱ्याला स्वतः हात घालावा लागतो.

येथे एक हिशेब विसरता कामा नये. डेस्कटॉप बदलून तीन-चारशे एमबी वाचवायचे आणि ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडून दीड जीबी घालवायचे, यात हशील काय? दोन जीबीच्या यंत्रावर कोणताही डेस्कटॉप घातला तरी टॅब मोजूनच उघडावे लागतात. चार जीबी असतील तर एक्सएफसीई सुखाने चालतो आणि आठ जीबी असतील तर हलक्या डेस्कटॉपचा हट्ट धरण्याचे कारण उरत नाही.

वितरणाबाबत आमचा कल मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीकडे आहे. मिंटच्या सूचनेनुसार किमान दोन जीबी रॅम हवी, चार असल्यास उत्तम. २०२४ मधील मिंट २२ आणि त्याच मालिकेतील पुढच्या आवृत्त्यांना २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. याउलट मूळ उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षांचा पाठिंबा असला, तरी झुबुंटू, लुबुंटू या तिच्या हलक्या भावंडांना तीनच वर्षे मिळतात. ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. डेबियन स्थिर आहे, त्याचे पाच वर्षांचे गणितही चोख आहे, पण सुरुवातीची जुळवाजुळव थोडी अधिक. एमएक्स लिनक्स हे डेबियनवर आधारलेले असून मुख्य आवृत्तीत एक्सएफसीईच देते. मिंट न रुचल्यास ते पाहावे. पप्पी लिनक्स पेन ड्राइव्हवरून रॅममध्ये उतरून चालते. बिघडलेल्या यंत्रातील फाइली वाचवण्यासाठी ते हाताशी असावे, रोजच्या वापरासाठी नव्हे. सी-डॅकने विकसित केलेले 'बॉस' हे डेबियनवर आधारित भारतीय वितरणही आहे. त्यात भारतीय भाषांवर भर असला, तरी घरगुती वापरात अडले तर विचारायला माणसे मिंटची अधिक भेटतील.

मराठीची सोय आता जवळपास सर्वच वितरणांत आहे. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि क-ग-प ध्वन्यात्मक अशा मांडण्या आढळतात. रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्यांनी आयबस आणि त्याची 'एम-१७-एन' ही जोड घालावी. तीत गमभनची पद्धतही आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमधील जुन्या फाइली मात्र तशाच वाचता येणार नाहीत. छपाईचे काम श्रीलिपीवर किंवा हिशेब टॅलीवर अवलंबून असेल, तर त्या यंत्रावरून विंडोज काढू नये. तसे एखादे यंत्र वेगळे ठेवावे. सरकारी संकेतस्थळांवर डिजिटल स्वाक्षरी लागणाऱ्यांनीही आधी चाचणी घ्यावी.

चाचणी सोपी आहे. २०११ पर्यंत उबुंटूच्या सीडी जगभर टपालाने मोफत पाठवल्या जात. आज आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावर वितरणाची प्रतिमा लिहून यंत्र त्यावरून सुरू केले, की हार्ड डिस्कला हात न लावता सारे पाहता येते. घाई न करता दोन दिवस तसेच चालवावे. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, प्रिंटर कागद काढतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, एवढे तपासावे. काही लॅपटॉपमधील ब्रॉडकॉम वायफाय कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून तो उतरवून घ्यावा. मूळ फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडू नये. एकदा पुसलेली डिस्क पूर्ववत होत नाही, आणि कुटुंबाची छायाचित्रे बहुधा त्याच डिस्कवर असतात.