भानुमतीबाईंचा पगार



ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की आपल्या वडवणी तालुक्यात घरोघर एकच हिशेब सुरू होतो. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल नवऱ्याच्या नावावर, ऊस मात्र दोघांनी तोडायचा. आणि फडात नवरा आजारी पडला तर? मग अर्धा कोयता उरतो आणि उचल पुरी फेडायची असते. हे तुम्हाला आम्ही सांगावं असं काही नाही.

आज ज्या बाईबद्दल बोलायचं आहे तिनं कोयता कधी धरला नसेल. ती मुंबईत गाणं शिकलेली होती. पण लग्नाला वर्ष व्हायच्या आत हाच हिशेब तिच्याही दारात येऊन बसला. तिचं नाव भानुमती कंस. लग्नानंतर ती कुमार गंधर्वांची बायको म्हणून ओळखली गेली आणि पुढं पुढं तेवढीही ओळख राहिली नाही.

कुमार गंधर्व तुम्ही ऐकलेले आहेत. पहाटे रेडिओवर कबीराचं भजन लागतं, त्यात तो उंच, धारदार, मध्येच एकदम थांबणारा आवाज असतो, तो त्यांचा. ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातलं वाणी जयराम यांच्याबरोबरचं त्यांचं गाणं तर लग्नघरांत अजून वाजतं. त्यांचं खरं नाव शिवपुत्र. जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा. सात-आठ वर्षांचं पोर मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचं, म्हणून एका स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं. १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत हा मुलगा गायला आणि एका दिवसात नावारूपाला आला. मग प्राध्यापक बी. आर. देवधरांच्या संगीत शाळेत तो राहिला, शिकला आणि तिथंच दुसऱ्यांना शिकवूही लागला. भानुमतीबाई त्याच शाळेत शिकत होत्या. म्हणजे नाव आधीच झालेलं होतं. त्यांनी पदरात घेतला तो ज्याच्या मैफलीला गर्दी लोटते असा तेवीस वर्षांचा गवई. हे लग्न १९४७ सालचं.

आणि लगेच क्षय झाला. टीबी.

त्या काळचा टीबी आजच्यासारखा नव्हता. गोळ्या नव्हत्या. कोरडी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि नशीब, एवढाच उपचार. ज्याच्या घरात हा रोग शिरे त्याच्या दारातला चहा लोक घेत नसत. इथं तर रोग गवयाच्या फुप्फुसाला झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, गाणं बंद. गायलात तर जिवावर बेतेल. हवापालटासाठी माळव्यातलं देवास गाव ठरलं. इंदूरपासून जवळ, कोरड्या हवेचं. आपल्या पवारांच्या दोन पात्या तिथं अठराव्या शतकापासून राज्य करीत होत्या, त्यामुळं मराठी घरंही बरीच. नवरा-बायको तिथं पोचले तो दिवस ३० जानेवारी १९४८. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या.

पुढची पाच-सहा वर्षं कुमार गंधर्वांच्या चरित्रात फार गाजलेली आहेत. लिहिणारे सगळे सांगतात की ते अंथरुणावर पडून ऐकत राहिले. पाखरं, वारा, रस्त्यानं जाणारे नाथपंथी जोगी, शीलनाथ महाराजांच्या धुनीवरची निर्गुणी भजनं, बायकांची गाणी. त्या मौनातून नवं गाणं जन्मलं असं म्हणतात आणि ते खरंही आहे. पण बायांनो, अंथरुणावर पडून ऐकत राहायचं तर अंथरुणाखालचं घर कुणीतरी चालवावं लागतं. भाडं लागतं. दूध लागतं. औषध लागतं. मैफल बंद म्हणजे मिळकत बंद.

ती मिळकत भानुमतीबाईंनी आणली. देवासच्या शाळेत त्यांनी शिक्षिकेची नोकरी धरली. शाळा करायची आणि घरी येऊन रोग्याची शुश्रूषा करायची, असं वर्षानुवर्षं. तेही लागट रोगाची, ज्यात शुश्रूषा करणारीला स्वतःचीही खात्री नसते. नवऱ्याचं गाणं थांबलं ही गोष्ट प्रत्येक पुस्तकात आहे. ज्या शाळेत नवरा शिकला तिथंच शिकलेल्या बायकोच्या गाण्याचं काय झालं, हे मात्र फार थोड्यांना विचारावंसं वाटलं.

तिकडं अमेरिकेत १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडलं होतं. क्षयाला मारणारं ते पहिलंच औषध. १९५२ सालचं नोबेल पारितोषिक त्यालाच मिळालं. त्याच सुमारास ते कुमारांना मिळालं आणि लागू पडलं. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं, तरी १९५३ मध्ये ते पुन्हा लोकांपुढं बसून गायले. दम पुरत नव्हता म्हणून लांबलचक ताना गेल्या आणि छोटे, टोकदार तुकडे आले. तेच पुढं त्यांचं वैशिष्ट्य ठरलं.

इथं जरा थांबून त्या अंथरुणावर ऐकलेल्या गाण्यांबद्दल सांगायला हवं, कारण त्यात आपला वाटा आहे. माळव्यातल्या बायका लग्नात गातात, बाळंतिणीपाशी गातात, पाऊस आला की गातात. पितृपंधरवड्यात मुली भिंतीवर शेणानं संजा काढून तिच्यापुढं गातात, आपल्या भोंडल्याच्या जातीचीच गाणी. कुमारांनी अशी शेकडो गाणी गोळा केली, त्यांचे सूर लिहून ठेवले. मोठमोठे राग हे मुळात अशा तीन-चार सुरांच्या लोकधुनेतूनच आले, हे त्यांनी गाऊन दाखवलं. अशा धुनांमधून त्यांनी नवे राग बांधले, त्यांना ते ‘धुनउगम’ म्हणत. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’ या पुस्तकात त्यांच्या बंदिशी आहेत. शास्त्रीय गाण्याचं मूळ चुलीपाशी आणि पाळण्यापाशी आहे, हे मोठ्या सभेत सांगणारा गवई विरळाच. त्याबद्दल त्यांना आमचा नमस्कार. तरी मनात येतं की ज्या बायकांच्या तोंडून ती गाणी आली, त्यांची नावंही त्या सुरांबरोबर लिहायला हवी होती.

नावं लिहिता येतात, बरं का. शेजारच्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या १९९६ साली टेप झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि म्हणणारीचं नाव, तिचं गाव यांची नोंद ठेवली.

आता परत देवासला. १९५३ नंतर मैफली सुरू झाल्या, नाव पुन्हा चढू लागलं. १९५६ मध्ये मुलगा झाला, मुकुल. म्हणजे लग्नानंतर नऊ वर्षांनी घरात पाळणा हलला. नवरा बरा, गाणं परत आलेलं, मांडीवर लेकरू. सुखाचे दिवस म्हणतात ते हेच असावेत. १९६१ मध्ये दुसरं बाळंतपण आलं. मुलगा जगला, यशोवर्धन. भानुमतीबाई गेल्या.

क्षयाच्या माणसाजवळ इतकी वर्षं राहून जी बाई वाचली ती बाळंतपणात गेली. यावर आम्ही जास्त काही बोलत नाही. ऐकणाऱ्यांपैकी कितीजणींच्या घरात असं झालंय ते आम्हाला ठाऊक आहे.

मोठा मान त्यानंतर आला. १९७७ ला पद्मभूषण, १९९० ला पद्मविभूषण. त्या पंगतीला भानुमतीबाई नव्हत्या.

गाणाऱ्याच्या त्यागाच्या गोष्टी आपल्याकडं फार आवडीनं सांगतात. बालगंधर्वांची सांगतात ना? १२ मार्च १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, आणि तरी ते साडी नेसून रंगभूमीवर उभे राहिले. ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. पण लेकरू एकट्या बापाचं नव्हतं. त्याची आई लक्ष्मीबाई त्या रात्री घरीच होती की कुणी तिला धरून बसलं होतं, याचा उल्लेख त्या गोष्टीत येत नाही. आणखी एक उदाहरण अन्नपूर्णादेवींचं. मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही मुलगी १९४१ मध्ये रविशंकरांची बायको झाली. सुरबहार अशी वाजवायची की जाणकार तिला नवऱ्याच्या बरोबरीची, काहीजण तर वरचढ म्हणत. पुढं तिनं लोकांपुढं वाजवणंच सोडलं. २०१८ मध्ये मुंबईत वारली तोवर ती घरात बसून शिष्य घडवत राहिली. हरिप्रसाद चौरसिया त्यातलेच.

कुमार गंधर्वांना दोष देण्यासाठी आम्ही हे बोलत नाही. देवासला टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर आहे, त्याचं नाव ‘भानुकुल’. बायकोच्या नावावरून घराचं नाव ठेवणारे गवई आम्हाला दुसरे चटकन आठवत नाहीत. पण घराच्या पाटीवर नाव असणं वेगळं आणि कमावती म्हणून हिशेबात नाव असणं वेगळं. चरित्रकार ‘आजारपणाची वर्षं’ असं एक प्रकरण लिहितात. त्याला ‘भानुमतीबाईंच्या नोकरीची वर्षं’ म्हटलं तरी साल तेच राहील.

आपल्यापैकी कुणाच्या घरी आज टीबी असेल तर एवढं ध्यानात ठेवा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, मध्ये सोडायचा नाही. निक्षय पोषण योजनेतून रोग्याच्या खात्यावर आहारासाठी महिन्याला पैसे येतात. आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. ऊसतोडीला निघायचं असेल तर आधी आशाताईला सांगा, म्हणजे औषध तिकडंही मिळण्याची सोय करता येते. आणि शुश्रूषा करणारीनं स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. ती सहसा राहून जाते, कारण तिला दवाखान्यात कोण नेणार?

भानुमतीबाई गेल्यावर पुढच्याच वर्षी कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी लग्न केलं. त्याही देवधरांच्याच शाळेतल्या. जन्म जमशेदपूरचा, वाढल्या कलकत्त्याला. घरात पाऊल टाकलं तेव्हा एक मुलगा पाच-सहा वर्षांचा आणि एक अगदी तान्हा. दोघांना त्यांनी वाढवलं. स्वतःची मुलगी कलापिनी, ती आज नावाजलेली गायिका आहे. मुकुल शिवपुत्रही मोठे गायक झाले. वसुंधराबाईंनी गाणं सोडलं नाही. तीस वर्षं त्या नवऱ्याच्या मागं तंबोरा घेऊन बसल्या आणि त्याच्या अपुऱ्या दमाला आपला सूर जोडत राहिल्या. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कान देऊन ऐकलंत तर कुमारांचा आवाज थांबतो तिथं मागून एक बाईचा आवाज सलग चाललेला असतो. पुढच्या वेळी भजन लागलं तर तो ऐकून बघा.

१२ जानेवारी १९९२ ला कुमार गेले. वसुंधराबाई नंतर वीस-बावीस वर्षं गात आणि शिकवत राहिल्या. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांच्या स्वतःच्या नावानं, वयाच्या पंचाहत्तरीला. २०१५ च्या जुलैत त्या देवासला वारल्या. राहत होत्या भानुकुलमध्येच.