मधुमेहाचा घरखर्चावरील भार (साकोली तालुका)

मधुमेहावरील उपचारांचा खर्च, त्यापायी बुडणारी मजुरी आणि गुंतागुंत उद्भवल्यास होणारे कर्ज यांचा कुटुंबावर पडणारा एकत्रित बोजा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत 16.4, तर खेड्यांत 8.9 टक्के आढळले. खेड्यात रुग्ण तुलनेने कमी, पण एकेका घराला बसणारा चिमटा मोठा.

भंडारा जिल्ह्यातील साकोली हा धानपट्ट्यातला तालुका. इथे गोळ्यांचा खर्च हा भाराचा लहान भाग ठरतो. मेटफॉर्मिनची साधी गोळी दोन-तीन रुपयांना मिळते. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. परंतु जाण्यायेण्याचे भाडे लागते, रांगेत दिवस जातो, सोबत आलेल्याचीही रोजी बुडते. साठा संपला असेल, तर चिठ्ठी घेऊन बाहेरचे मेडिकल गाठावे लागते.

खरा पेच पैसा हाती येण्याच्या वेळेचा आहे. शुगरची गोळी रोज लागते. धानाचा पैसा वर्षातून एकदा, उन्हाळी धान घेणाऱ्याला फार तर दोनदा मिळतो. 2024-25 मध्ये साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता, पण खरेदी केंद्रावर माल मोजून दिला तरी चुकारे अडकतात. किराणा उधारीवर निभतो, औषधाला रोख लागते. मग दोन गोळ्यांची एक होते. इन्सुलिन सुरू झाले की सुया, तपासणीच्या पट्ट्या आणि कुपी थंड ठेवण्याची काळजी वाढते. फ्रीज नसेल तर ओले मडके.

सर्वांत महाग पडतो तो पाय. बांधीच्या चिखलात अनवाणी रोवणी करताना मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्याला काटा रुतलेला कळत नाही. काम मोडायला नको म्हणून जखम हळद लावून झाकली जाते. ती चिघळली की भंडारा, पुढे नागपूर. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. पाय वाचवणारी रोजची गोळी आणि पट्टी तिच्या कक्षेबाहेर राहते.

पथ्याचा खर्च तर कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. डॉक्टर भात कमी करायला सांगतात, पण घरात कोठीभर असतो तो तांदूळच. ज्वारी, डाळ, भाजी मात्र विकत आणावी लागते.